अणूचे काळीज असलेला मुलगा

वाचकहो, आधी एका बापाची गोष्ट सांगतो, मग इतिहासाकडे वळतो.

एका मोठ्या शास्त्रज्ञाचा एकुलता एक मुलगा मोटार-अपघातात जातो. बाप सरकारच्या शास्त्रखात्याचा प्रमुख. हाताशी कारागीर आहेत, प्रयोगशाळा आहे, पैशाला तोटा नाही. पुत्रशोकाने भ्रमिष्ट झालेला हा बाप आपल्या मुलाच्या चेहऱ्यामोहऱ्याचा एक यंत्रमानव घडवतो. तेच डोळे, तेच केस. त्याला घरी आणतो, जेवायला शेजारी बसवतो, त्याचे लाड करतो. काही दिवस बरे जातात. मग बापाच्या ध्यानात येते की पोर वाढत नाही. आपल्या घरांत मुलाचा सदरा आखूड झाला की आई तोंडाने कुरकुरते आणि मनातून सुखावते. इथे सदरा आखूड होतच नाही! यंत्र ते, वाढणार कसे? पण बापाला हे सोसत नाही. तो चिडतो, त्या पोराला घालूनपाडून बोलतो, आणि शेवटी एका सर्कसवाल्याला विकून टाकतो.

विकून टाकतो, बरे का. आणि ही गोष्ट लहान मुलांसाठी लिहिलेली आहे.

ती लिहिली आणि चितारली तेझुका ओसामू या जपानी चित्रकाराने. आपल्याकडे नाव आधी आणि आडनाव नंतर, त्यांच्याकडे उलट. तेव्हा ‘तेझुका’ हे आडनाव समजावे. त्या पोराचे नाव आतोम, म्हणजे अणू. १९५२ साली मासिकातून सुरू झालेल्या या चित्रकथेचा १९६३ साली जपानमध्ये टेलिव्हिजनवर कार्टूनपट झाला, आणि २००९ साली हाँगकाँगच्या इमागी नावाच्या कंपनीने तिच्यावर एक मोठा इंग्रजी बोलपट काढला. तो सगळा संगणकावर चितारलेला आहे. त्याचे नाव ‘ॲस्ट्रो बॉय’, आणि दिग्दर्शक डेव्हिड बॉवर्स. हा बोलपट तुमच्यापैकी काहींनी, निदान तुमच्या शाळेतल्या मुलांनी, पाहिलाही असेल.

तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या मास्तराला कार्टूनपटाशी काय कर्तव्य? सांगतो. आपल्याकडे बखरींच्या नकला होत असत. एकाने मूळ लिहिली, दुसऱ्याने पन्नास वर्षांनी उतरवून घेतली, तिसऱ्याने आणखी पुढे. उतरवून घेताना कारकून कुठे एखादे नाव गाळी, कुठे एखादा प्रसंग फुलवी. मूळ प्रत शोधणाऱ्या अभ्यासकाला त्याचा राग येतो. पण दुसऱ्या अंगाने पाहिले तर ती गाळागाळ हाच पुरावा असतो. कारकुनाच्या काळी कोणती गोष्ट बोलायला जड जात होती, ते त्या गाळलेल्या ओळीवरून कळते. या जपानी पोराची बखर अशीच उतरवून घेतलेली आहे, आणि तिच्यातली एक फार मोठी ओळ गळालेली आहे. ती कोणती, हे कळण्यासाठी आपल्याला १९४५ सालच्या ओसाका शहरात जावे लागेल.

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा. लहानपणापासून दोन नाद, चित्रांचा आणि किड्यांचा. किड्यांचा नाद इतका की त्यांनी आपल्या नावाच्या लिपीत ‘किडा’ या अर्थाचे एक अक्षर मुद्दाम जोडून घेतले. युद्धाच्या अखेरच्या वर्षी ते सोळा वर्षांचे होते. शाळकरी मुलांना तेव्हा वर्गातून उठवून दारूगोळ्याच्या कामाला जुंपलेले असे, तसे त्यांनाही जुंपले. जूनमध्ये ओसाकावर अमेरिकन विमानांनी बाँब टाकले, त्यातून ते कसेबसे वाचले. आजूबाजूची माणसे मात्र मेली.

त्याच वर्षाच्या एप्रिलमधली एक हकीकत आहे. जपानच्या आरमारी खात्याने पैसे देऊन एक कार्टूनपट काढवला होता. त्याचा नायक मोमोतारो, म्हणजे जपानी लोककथेतला, पीच नावाच्या फळातून जन्मलेला मुलगा. आपल्याकडे भोपळ्यातली म्हातारी तसा तिकडे हा फळातला पोर. घरोघर ठाऊक असलेला. त्या पोराला सेनापती करून, अस्वले, माकडे, ससे यांना सैनिकांचे कपडे चढवून, ही प्राणिसेना छत्र्या लावून शत्रूच्या बेटावर उतरते असा तो ७४ मिनिटांचा प्रचारपट होता. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट तोच. अर्धे शहर जळालेले, पाहायला मुले उरलेली नाहीत, अशा थेटरात तेझुका यांनी तो पाहिला. प्रचार बाजूला राहिला. त्यातल्या चित्रांची कोवळीक पाहून त्यांना रडू फुटले, आणि आयुष्यात एकदा तरी आपण अशी हलती चित्रे काढायचीच असे त्यांनी ठरवले. युद्धखात्याच्या पैशातून एका मुलाच्या मनात काय पेरले गेले पाहा! खात्याला याची काही कल्पना असणे शक्य नव्हते.

पुढे चार महिन्यांत हिरोशिमा, ६ ऑगस्ट. मग नागासाकी, ९ ऑगस्ट. मग शरणागती. या गोष्टी पाठ्यपुस्तकात आहेत, त्या मी इथे उगाळत नाही. पाठ्यपुस्तकात सहसा नसते ते एवढेच, की बाँब पडल्यानंतर पुढची काही वर्षे जपानी माणसाला त्या बाँबविषयी मोकळेपणाने लिहिताही येत नव्हते. देश अमेरिकन फौजांच्या ताब्यात होता आणि वृत्तपत्रांवर त्यांची नजर होती. घरादाराची राख झाली ती झालीच, तिच्यावर बोलायचीही चोरी.

मुलांची काय अवस्था असेल? एक लहानशी गोष्ट सांगतो, कारण तिच्यात आपला संबंध येतो. युद्ध चालू असताना तोकियोच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती मारले गेले. बाँब पडून पिंजरे फुटले तर जनावरे शहरात सुटतील म्हणून त्यांना उपाशी ठेवण्यात आले. युद्ध संपल्यावर तिथल्या मुलांनी आमच्या देशाच्या पंतप्रधानांना पत्रे लिहिली, की आम्हांला हत्ती पाहायचा आहे. पंडित नेहरूंनी १९४९ साली एक हत्तीण बोटीने पाठवून दिली आणि तिला आपल्या मुलीचे नाव दिले, इंदिरा. ज्या मुलांनी ही हत्तीण पाहायला गर्दी केली, तीच दोन-तीन वर्षांनी तेझुका यांची चित्रकथा वाचणारी मुले. हे वय ध्यानात ठेवा. या मुलांना गोष्टीतला बाप दुष्ट निघाला तरी धक्का बसत नव्हता. मोठी माणसे काय करू शकतात, हे त्यांनी पाहिले होते.

तेझुका ओसाकाच्या विद्यापीठात वैद्यक शिकत होते. डॉक्टरकीची परीक्षा ते उत्तीर्ण झाले, आणि पुढे १९६१ साली त्यांनी गोगलगाईंवर प्रबंध लिहून वैद्यकातली वरची पदवीही मिळवली. पण दवाखाना कधी थाटला नाही. हात चित्रे काढीत राहिला. एप्रिल १९५१ मध्ये ‘शोनेन’ नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी ‘राजदूत आतोम’ ही चित्रकथा सुरू केली. त्यात आतोम हे दुय्यम पात्र होते. दुसऱ्या एका ग्रहावरून आलेली, हुबेहूब आपल्यासारखी दिसणारी निर्वासित माणसे आणि पृथ्वीवरची माणसे यांच्यात तंटा पेटतो, आणि हा यंत्राचा पोर दोघांमध्ये बोलणी घडवतो. तेझुका यांनी पुढे सांगितले आहे की, युद्धानंतर भाषा कळली नाही एवढ्याच कारणावरून एका दारू प्यालेल्या अमेरिकन सैनिकाने त्यांना मारले होते. एकमेकांचे बोलणे न कळणाऱ्या दोघांच्या मध्ये उभा राहणारा हा पोर तिथून आला.

वाचकांना दुय्यम पात्रच आवडले. एप्रिल १९५२ पासून आतोम स्वतःच्या नावाच्या कथेचा नायक झाला, आणि ती कथा १९६८ पर्यंत चालली. आता त्या एप्रिल महिन्याकडे जरा बारकाईने पाहा. त्याच महिन्याच्या २८ तारखेला अमेरिकन ताबा संपून जपान पुन्हा स्वतंत्र झाला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात एका सचित्र साप्ताहिकाने हिरोशिमा-नागासाकीची छायाचित्रे छापली. सामान्य जपानी माणसाने ते दृश्य पहिल्यांदा धडपणे पाहिले ते तेव्हा. म्हणजे घरातला बाप ती छायाचित्रे पाहतो आहे, आणि त्याच घरात मुलगा जे मासिक वाचतो आहे त्यातल्या लाडक्या पोराचे नाव आहे अणू! त्याच्या छातीत अणुशक्तीचे यंत्र आहे, त्याचे बळ एक लाख घोड्यांचे आहे. पुढे त्याला एक बहीण मिळते, तिचे नाव उरान, म्हणजे युरेनियम. भाऊ मिळतो, त्याचे नाव कोबाल्ट.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चक्रावलो होतो. ज्या घराला आगीने गिळले त्या घरात मुलाचे नाव कोणी वणवा ठेवते का?

पण त्या काळात शिरून पाहिले तर उलगडा होतो. ज्या शक्तीने आपल्याला जाळले ती वाईट नव्हे, ती वाईट हातांत पडली; चांगल्या हातांत पडली तर तीच दिवे लावील, गाड्या चालवील, रोग बरे करील, असे तेव्हा केवळ जपानच नव्हे, सारे जग समजत होते. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी ‘शांततेसाठी अणू’ ही घोषणा केली. लगेच पुढच्या मार्चच्या पहिल्या तारखेला त्याच अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँब उडवून पाहिला, आणि त्याची राख ‘भाग्यवान ड्रॅगन’ अशा अर्थाचे नाव असलेल्या जपानी मच्छीमार बोटीवर पडली. बोटीवर २३ माणसे होती. त्यांतला एक सप्टेंबरात मेला. जपानी बायाबापड्यांनी अणुबाँबविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली, त्या तीन कोटींवर गेल्या. नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत असे स्फोट थांबवा म्हणून मागणी केली. आणि एवढे सगळे होऊनही डिसेंबर १९५५ मध्ये जपानच्याच संसदेने अणुशक्तीच्या शांततामय वापराचा कायदा केला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदत होत्या.

आपणही वेगळे नव्हतो. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणूच्या शांततामय उपयोगाची मोठी परिषद भरली, तिचे अध्यक्ष आपले डॉ. होमी भाभा होते. पुढच्याच ऑगस्टात तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टीला अप्सरा म्हणणारे आपण, मुलाला अणू म्हणणाऱ्या जपान्यांना हसणार कोणत्या तोंडाने?

तर असा हा आतोम. आता त्याची चित्रे हलू कशी लागली ते सांगतो, कारण त्यात गरिबाच्या संसाराची अक्कल आहे.

पडद्यावरचे चित्र हलताना दिसते ते खरे हलत नसते. एका सेकंदात चोवीस चौकटी डोळ्यांपुढून सरकतात आणि डोळा फसतो. अमेरिकेतले डिस्नेचे कारखाने प्रत्येक सेकंदाला बारा, कधी चोवीसही वेगळी चित्रे काढून घेत. अर्ध्या तासाला किती झाली, हे शिक्षकांनी वर्गात मुलांकडून गुणाकार करवून घ्यावा. तेझुका यांनी १९६१ साली स्वतःची चित्रशाळा काढली, तिचे नाव ‘मुशी’, पुन्हा किडाच! तिथून दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्टूनपट टेलिव्हिजनला द्यायचा होता. डिस्नेच्या पद्धतीने ते सात जन्मांत झाले नसते. म्हणून त्यांनी एकच चित्र तीन चौकटींना वापरायला सुरुवात केली, म्हणजे सेकंदाला आठ चित्रे. पात्र बोलताना फक्त तोंड हलवायचे, बाकी चेहरा स्थिर. आतोम आकाशात उडतो ते चित्र एकदा काढले की जपून ठेवायचे आणि पुढच्या भागात मागे दुसरे आभाळ लावून पुन्हा वापरायचे. जुने लुगडे फाडून त्याची गोधडी शिवणारी आपली आजी हेच करीत होती.

१ जानेवारी १९६३ रोजी पहिला भाग दाखवला गेला. टेलिव्हिजनवाल्यांनी दिलेली किंमत खर्चाच्या मानाने फारच थोडी होती, आणि तेझुका यांनी ती जाणूनबुजून पत्करली. तूट निघाली ती खेळणी-वह्यांवर आतोमचे चित्र छापण्याच्या हक्कातून. पुरस्कर्ती मिठाईची कंपनी होती. तिच्या चॉकलेटच्या डबीत आतोमच्या चिकटचित्रांची भर पडली आणि मुले वेडी झाली. ही युक्ती त्या वेळी शहाणपणाची वाटली. पण तिचे दुसरे अंग असे की, जपानी कार्टूनपटाची किंमत एकदा जी खाली बसली ती बसलीच, आणि तिथल्या चित्रकारांना पुढे वर्षानुवर्षे कमी पैशांत रात्री जागवाव्या लागल्या. याचा दोष अनेक जण तेझुका यांच्या माथी मारतात. सगळा दोष एका माणसाचा म्हणणे मला पटत नाही, पण पायंडा त्यांनी पाडला हे नाकारताही येत नाही.

चार वर्षांत १९३ भाग झाले. शेवटचा भाग ३१ डिसेंबर १९६६ रोजी दाखवला. त्यात सूर्य भडकतो, पृथ्वी होरपळू लागते, आणि आतोम सूर्याला शांत करणारे यंत्र घेऊन सरळ सूर्यात शिरतो. परत येत नाही. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी जपानी मुलांनी हे पाहिले.

तोवर हा पोर समुद्रही ओलांडून गेला होता. पहिल्याच वर्षी एका अमेरिकन टेलिव्हिजन कंपनीने तो विकत घेतला, इंग्रजी बोलणे चढवले, आणि १०४ भाग दाखवले. अमेरिकेत त्याचे नाव ‘ॲस्ट्रो बॉय’ झाले, म्हणजे ताऱ्यांचा मुलगा. नावातला अणू गेला. नक्कल करणाऱ्या कारकुनाने पहिली काट मारली ती इथे.

आता २००९ च्या बोलपटाकडे या. गोष्ट थोडक्यात अशी. मेट्रो सिटी नावाचे एक देखणे शहर जमिनीपासून सुटून आकाशात तरंगते आहे. खाली जमिनीवर उरला आहे तो त्या शहराने टाकलेल्या मोडक्या यंत्रांचा उकिरडा. वर यंत्रमानव सगळी कामे करतात, मोडले की त्यांना खाली ढकलून देतात. (शहराचा केर गावाच्या वेशीवर, हा अनुभव आपल्याला नवा नाही. ही कल्पना मला फार आवडली.) डॉक्टर तेन्मा हा शास्त्रज्ञ, त्याचा मुलगा टोबी. दुसऱ्या एका सज्जन शास्त्रज्ञाला ताऱ्याच्या तुकड्यापासून दोन शक्ती सापडल्या आहेत. निळी शक्ती शुभ आणि लाल शक्ती अशुभ. निवडणूक तोंडावर आलेला शहराचा अध्यक्ष हट्टाने लाल शक्ती एका लढाऊ यंत्रात घालायला लावतो. ते यंत्र बेफाम होते, आणि कोंडलेल्या खोलीत टोबी मरतो. तेन्मा टोपीत अडकलेल्या एका केसावरून मुलाच्या आठवणी मिळवतो, यंत्रमानवात भरतो, आणि छातीत निळी शक्ती बसवतो. यंत्राच्या पोराला आपण यंत्र आहोत हे ठाऊकच नसते! ते स्वतःला टोबीच समजत असते. हा बदल उत्तम आहे. मूळ गोष्टीपेक्षा एका अंगाने अधिक हृदयद्रावक. बाप त्याच्याकडे पाहतो आणि त्याला आपला मेलेला मुलगाच अधिक आठवतो. अखेर तो म्हणतो, तू मला नकोस.

पण विकत नाही. मूळ गोष्टीतला सर्कसवाला हॅमेग बोलपटात आहे, तो यंत्रांच्या झुंजी लावतो, आणि पोर त्याच्या तावडीत सापडतेही. मात्र बापाने विकल्यामुळे नव्हे, आकाशातून खाली पडल्यामुळे. बाप शेवटी पस्तावतो आणि पोराला जवळ घेतो. पोर लाल शक्तीच्या राक्षसात शिरून आत्मबलिदान करते, आणि दोन-चार मिनिटांत एका जुन्या यंत्रमानवाच्या उरल्यासुरल्या निळ्या शक्तीने पुन्हा उठून बसते. १९६६ सालच्या मुलांना जे सोसायला दिले, ते २००९ च्या मुलांना सोसवणार नाही असे कोणीतरी ठरवले असावे.

आता नकलेतला फरक मांडून पाहा. मूळ गोष्टीत मुलगा मेला तो साध्या मोटार-अपघातात. त्यात खलनायक कोणी नाही. पाप आहे ते पुढे, आणि ते शास्त्रज्ञ बापाचे आहे. आपण जे निर्माण केले ते मनासारखे निघाले नाही म्हणून बाजारात विकणे, हे ते पाप. हिरोशिमानंतर सात वर्षांनी एक डॉक्टरी शिकलेला तरुण शास्त्रज्ञांविषयी असे लिहितो, यात मला अपघात दिसत नाही. २००९ च्या नकलेत शास्त्रज्ञ दोघेही मनाने भले आहेत. पाप सगळे निवडणुकीच्या मागे लागलेल्या पुढाऱ्याच्या गळ्यात. पुढाऱ्यांविषयी माझे मत काही फार चांगले नाही, पण ही वाटणी फार सोपी झाली.

आणि अणू? तो पार गेला. नावातून १९६३ मध्येच गेला होता, आता काळजातूनही गेला. त्याच्या जागी निळा उजेड आला. मूळच्या आतोमच्या छातीत एकच शक्ती होती, आणि तीच जाळणारी आणि तीच तारणारी. लाख घोड्यांच्या बळाचे हे पोर माणसाशी माणसाप्रमाणे वागते ते बळ निराळे आहे म्हणून नव्हे, त्याचे मन निराळे आहे म्हणून. वाचताना सारखा धसका असे की हे मन फिरले तर? बोलपटाने ती एक शक्ती कापून दोन केल्या, एकीला निळा रंग दिला, दुसरीला लाल. मग धसका कसला! निळे ते आपले, लाल ते परके. मुलाला निवड करायची उरतच नाही, ती रंगाऱ्याने आधीच केलेली आहे.

हे हाँगकाँगच्या मंडळींनी वाईट हेतूने केले असे मी म्हणत नाही. २००९ साली पाचपन्नास देशांत दाखवायच्या मुलांच्या बोलपटात नायकाच्या पोटात अणुभट्टी घालण्याचे धाडस कोण करणार? चेर्नोबिलचा अपघात १९८६ सालचा. तो पाहिलेले आईबाप थेटरात मुलांबरोबर बसणार. साडेसहा कोटी डॉलर खर्चून काढलेला बोलपट. इतके जपूनही तेवढे पैसे जगभरातून मिळून परत आले नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्या चित्रशाळेचे काम बंद पडले. चित्रांची कारागिरी मात्र पाहण्यासारखी आहे. तेझुका यांनी ज्या उड्डाणाचे एकच चित्र शंभरदा वापरले, ते इथे प्रत्येक वेळी नवे आहे.

खुद्द तेझुका यांना काय वाटत होते? ते ९ फेब्रुवारी १९८९ रोजी गेले. अखेरच्या लिखाणात त्यांनी खंत व्यक्त केली आहे की, लोकांनी आतोमला विज्ञानाच्या जयजयकाराचे चित्र मानले, आणि आपला रोख तिकडे नव्हता. निसर्ग आणि माणुसकी सोडून नुसते यंत्र पुढे धावले तर काय होईल, ते आपल्याला सांगायचे होते. माझा त्यांच्याशी थोडा मतभेद आहे. भाबडा आनंदही त्या कथेत होताच, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत. आतोम उडताना जो तो वर पाहून हसतो, तो आनंद खोटा नाही. लेखक म्हातारपणी स्वतःची जुनी पाने वाचतो तेव्हा त्याला त्यात पुढचे शहाणपण दिसू लागते, आणि तसे ते बखरकारांनाही दिसत असे. पण त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे एवढे निश्चित, कारण विकणारा बाप पहिल्यापासून तिथे आहे.

जपानात मात्र या बोलपटाची एक गंमत झाली. ऑक्टोबर २००९ मध्ये तो तिकडे लागला तेव्हा जाहिरातीवर ‘ॲस्ट्रो बॉय’ हे नाव नव्हते. जपानी माणसाला ते आपले वाटलेच नसते. तिथे त्याचे नाव ठेवले ‘आतोम’. छातीत निळा तारा आणि कपाळावर जुने नाव, असा तो आपल्या घरी परतला, आणि घरच्यांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. त्यानंतर सतरा महिन्यांनी, ११ मार्च २०११ रोजी, समुद्राची प्रचंड लाट फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात शिरली. आसपासच्या हजारो कुटुंबांना घरे सोडून जावे लागले. त्यांतले कित्येक आजोबा १९६३ साली टेलिव्हिजनपुढे बसून आतोमचे गाणे म्हणणाऱ्या वयाचे होते.

शाळेत हा बोलपट दाखवण्याचा कोणा शिक्षकाचा विचार असेल, तर मिळाल्यास १९६३ सालचा काळा-पांढरा पहिला भाग आधी दाखवावा. अर्ध्या तासाच्या आत संपतो. चित्रे अडखळत हलतात, तोंडे नीट जुळत नाहीत, मुले आधी हसतील. सर्कसवाला पोराला घेऊन जातो तो प्रसंग आला की मग वर्गाकडे पाहावे.